खंड्याची फळी

३ एप्रिल
रिटायर झालो. ठरलं: लाकडावर चित्र कोरून त्याचे छाप काढायला शिकायचं. पक्षी आणि फुलं. सासरे या कामातले नावाजलेले कारागीर होते. रक्ताचं नातं नसलं तरी वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जेवलोय, काहीतरी उतरलंच असेल.

५ एप्रिल
चेरीच्या लाकडाची फळी घ्यायला गेलो. किंमत ऐकून परत आलो. कपाटात सासऱ्यांच्या जुन्या फळ्या आहेत, त्यातली एक घेतली. काहीतरी कोरलेलं होतं, पण शाईने इतकं काळवंडलेलं की काय ते कळेना. जुन्या फळीवर रंधा मारून ती पुन्हा वापरायची, ही या धंद्यातली रीतच. मारला रंधा. हात छान बसलाय.

६ एप्रिल
जेवताना फुमिए म्हणाली, अहो, मे महिन्यात बाबांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध. बैठकीतला तो आयरिसच्या फुलांचा आणि खंड्याचा छाप पुन्हा काढून नातेवाइकांना देऊ या. बाबांचे जुने छपाईवाले कुसुनोकी-सान छापून देतायत. फळ्या आहेतच कपाटात.
मी म्हणालो, छान. सूप अंगावर सांडलं.
दुपारी बैठकीतल्या छापासमोर उभा राहिलो. असा छाप अनेक फळ्यांचा: फुलं एका फळीवर, पाणी दुसरीवर, पक्षी वेगळ्याच फळीवर. काल रंध्याखाली काय गेलं ते आता कळलं. पंख होते.

७ एप्रिल
काळजीचं कारण नाही. त्याच फळीवर मी खंड्या पुन्हा कोरणार. पक्षी तो केवढा! फुमिएला सांगणारच होतो, पण तिची कंबर दुखतेय. उगाच ताण नको.

१५ एप्रिल
पिसं उद्यापासून. आज चोच.
चोच उडाली.

१६ एप्रिल
चोच गोंदाने चिकटवली. फुमिएने बोटाची पट्टी पाहिली. म्हणालो, मुळा चिरताना कापलं. ती म्हणाली, तुम्ही? मुळा? बरं झालं, आता रोज तुम्हीच चिरा. चिरतोय. प्रायश्चित्त समजून.

२८ एप्रिल
घरीच एक छाप काढून पाहिला. लांबून पक्षी वाटतो. जवळून बटाटा. देवघरात सासऱ्यांच्या फोटोपुढे भात ठेवायचं काम मी मागून घेतलंय. फोटोकडे बघवत नाही.

३ मे
बटाटा पाठवण्यापेक्षा न पाठवलेला बरा. फुमिएने बाकीच्या फळ्या बांधून दिल्या. म्हणाली, तुम्हीच पोचवा. कुसुनोकी-सान उलटसुलट करून म्हणाले, खंड्याची फळी कुठाय? मी म्हणालो, वाळवी लागली. ते म्हणाले, एवढी एकच खाल्ली? वाळवीची आवड चांगलीय.
पुढच्या रविवारी फुमिएला सगळं सांगायचं. नक्की.

१० मे
रविवार. पाहुण्यांच्या याद्या चालू होत्या. नाही जमलं.

१९ मे, दुपार
श्राद्ध पार पडलं. छाप वाटले. आयरिस आहेत, पाणी आहे, एक देठ जरा वाकलेला, वर कोणी नाही. तेवढ्यात सासऱ्यांचे धाकटे भाऊ चष्मा काढून म्हणाले, पक्षी उडून गेला. आमचा दादा गेला तसाच. आत्याबाई रडल्या. देवळातल्या भिक्खूंनी त्यावरच प्रवचन केलं. मीही डोळे पुसले. खरं सांगायचं तर मूळ छापापेक्षा हाच सरस वाटतो. माझ्या हातून नकळत कलाच घडली म्हणायची. फुमिए छापाकडे न बघता चहा ओतत होती. भारावली असेल.

१९ मे, संध्याकाळ
भांडी विसळता विसळता फुमिए म्हणाली, काळ्या ढलप्या कचऱ्यात दिसल्या, तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, सांगाल.
मी म्हणालो, चुकलं माझं. पण बाबा माफ करतील.
ती म्हणाली, बाबांचा काय संबंध? फुलं बाबांची. खंड्या मी कोरला होता, लग्नाआधी. आमच्याकडे मुलीच्या हातात छिन्नी देत नसत. बाबांनी तेवढा एक पक्षी करू दिला. नंतर मग तुमच्याकडे आले.
हात पुसले आणि आत गेली.
जुना छाप बैठकीत आहे. खाली नाव सासऱ्यांचं. आमच्या लग्नापासून तो तिथेच आहे, आणि कोणी कोरला हे मी तिला कधी विचारलं नाही.
उरलेली भांडी मी विसळली.