शेपटीचा पत्रा

धरणगाव, १९ मे १९४६

प्रिय सौ. कुंदा,

पाचोऱ्याला सुखरूप पोचलीस हे तुझ्या भावाकडून कळलं. इकडे सगळे खुशाल. फक्त म्हैस रुसली आहे, हौदातल्या पाण्याला तोंड लावत नाही.

तुझा राग मला कळतो. लढाई संपून नवरा मुंबईच्या लष्करी कारखान्यातून घरी येतो, तो लुगडं आणायचं सोडून समुद्रात बुडालेल्या विमानाच्या शेपटीचा पत्रा घेऊन! आणि ऐन उन्हाळ्यात म्हशीच्या हौदात भिजत घालतो. रोज पाणी बदलतो. तू म्हणालीस, "हा पत्रा राहील, नाहीतर मी." मी आपला समजावत बसलो, की पत्र्यात समुद्राचं मीठ मुरलेलं असतं, ते गोड्या पाण्यात न काढता पत्रा वाळवला तर ते तो खाऊन टाकतं. तू गाडीत बसलीस तेव्हा मी अजून मिठावरच होतो.

गेल्या सोमवारी मी एरंडोलला गेलो, तेवढ्यात आईने शेजारच्या झुलालभाऊंना बोलावून पत्रा बाहेर काढला, राखेने घासला, अंगणात उन्हात टाकला. मी आलो तर सगळ्या पाण्याचा दोष पत्र्याला देत म्हणाली, "बठ्ठं पानी हाऊच पिई गया! सून गयी, आते म्हैस बी जाई."

पत्रा चांदीसारखा चमकत होता. झुलालभाऊ त्याची परात करणार होते. पण थोड्याच दिवसांत त्यावर पांढरे फोड आले आणि पीठ झडू लागलं. त्या पिठाकडे बघत आई म्हणाली, "येनी ते भाकर बी व्हत नही." मी खूप हसलो. मग रडलो.

तू विचारायचीस, त्या पत्र्यात एवढं काय आहे. त्या शेपटीला ठिगळ मी लावलं होतं. ते पक्कं ठोकणाऱ्या रिबिटा माझ्या हातच्या. दुसऱ्याच दिवशी विमान समुद्रात पडलं. चालवणारा कोवळा गोरा पोरगा वर आला नाही. मला कुणी बोल लावला नाही. मीच लावत राहिलो, माझं ठिगळ सुटलं असेल म्हणून. शेपटी वर काढली तेव्हा ती शिंपल्यांनी भरलेली. कोरडी खरवडली असती तर ठिगळही उपटलं असतं. म्हणून भिजवून, बोटांनी, रोज थोडं थोडं.

तू गेलीस त्याच संध्याकाळी शेवटचा शिंपला निघाला. सगळ्या रिबिटा जागेवर होत्या, कुंदा. एकही सुटली नव्हती. सांगायला घरात तू नव्हतीस, म्हणून म्हशीला सांगितलं.

तुला दाखवायचा म्हणून पत्रा हौदातच ठेवला होता. आता ठिगळही सोलून गेलं, नुसतं पीठ उरलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवशील?

ठेवशील तर ये. नाही ठेवलास तरी ये.

तुझी वाट पाहणारा,
कौतिक