बारावा नियम

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी. रेकॉर्ड रूममध्ये कपाटं छताला टेकलीत, जुन्या फायलींच्या धुळीने शिंकून शिंकून जीव नकोसा झाला. पण माझं टेबल खिडकीजवळ आहे. वीस तारखेला सुरक्षा-नियमांची परीक्षा. पास झाले की कायम, आणि कायम झाले की बिट्टीला दादाकडून कायमची इकडे आणायची. सहा वर्षांची माझी लेक. पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंड मिटत नाही. फोनवर म्हणाली, परीक्षा तुझी मग शिक्षा मला का?

५, बुधवार

चाळीस नियम, आणि माझं डोकं म्हणजे नुसती चाळण. खणात या जागेवरच्या आधीच्या बाईंची वही सापडली, पाठांतराची युक्ती लिहिलेली. नियम वाचायचा, पुस्तक मिटायचं, तो आपल्या एखाद्या माणसाला जोडून चित्र काढायचं, खाली दोन शब्द लिहायचे. काय डोकं चालवलंय! निम्मी पानं कोरीच होती, वाया कशाला घालवा? मीही त्यातच सुरुवात केली. नियम चार, ओल्या हाताने बटण दाबू नये: भांडी घासणारी आई. नियम बारा, दारात कुणी उभं राहू नये, वाट मोकळी ठेवावी: दारात हात पसरलेली बिट्टी, तोंडाचं बोळकं. झक्क जमली.

८, शनिवार

नियम तोंडपाठ! झोपेतून उठवून विचारा. दादा फोनवर आईच्या आठवणी काढत होता. मी हं हं करत राहिले. आईचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना, नुसते ओले हात दिसले. दमले असेन.

११, मंगळवार

शिपाईकाकांना आधीच्या बाईंबद्दल विचारलं. परीक्षेत पहिल्या आल्या होत्या म्हणे. मग एका संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला लागल्या, माझं घर कुठे? नवरा न्यायला आला, तर हा परका कोण म्हणून ओरडल्या.

वहीत त्यांचं शेवटचं चित्र पाहिलं. एक घर. दारात एक पुरुष. मी घाईघाईने बिट्टीचं पान उघडलं.

१३, गुरुवार

बिट्टीचं पान फाडून जाळलं, वाटलं ती परत आठवेल. चुकलंच माझं. आता चित्रही गेलं. हसायची कशी? आवाज कसा— दात पडलेत हेसुद्धा वर लिहिलंय म्हणून कळतं. भीती वाटते. फार भीती वाटते.

१५, शनिवार

दादाचा फोन. उद्या सकाळी घेऊन येतो म्हणाला. कुणाला, हे विचारायचा धीर झाला नाही. मागची पानं वाचली. मला मुलगी आहे. मला मुलगी आहे. मला—

१६, रविवार

बेल वाजली. खाली दादा सामान उतरवतोय, त्याला ओळखलं. दारात एक मुलगी. हात पसरून. पुढचे दात नाहीत. हीच असणार ती. पण मला काही वाटत नाही— काहीच नाही— फक्त नियम आठवतो, शब्द न् शब्द. दारात कुणी उभं राहू नये.

बाजूला हो म्हटलं तिला. हलत नाही. आई आई म्हणून रडतेय. तिच्या मागे लगेच जिना आहे. वाट मोकळी—