आवाज स्वच्छ पाहिजे

२ फेब्रुवारी, सोमवार

लॉन्ड्रीच्या मालकाने सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. जानेवारी गेल्यावर. स्वस्तात मिळाल्या असणार. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायची सवय नाही. पण घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहीन.

पहिली तक्रार. गाडीतला टेप मेलाय. दिवसभर चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे घेऊन हॉस्पिटलं नि हॉटेलं फिरायची, सोबतीला गाणं नको का? गाणं लागतं, पण बाई उशीत तोंड खुपसून गातेय असं वाटतं. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी तेच.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले टेप ठणठणीत आहे, तू एकदा कान दाखव. खर्चाचं नाव काढलं की बिघाड बायकोत निघतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार दाढीवाला, मिशी ओठांवर लोंबलेली. असल्या माणसाचं बोलणं कोणाला कळणार. तीन-तीनदा विचारावं लागलं.

त्याचं म्हणणं, टेपमध्ये जोर नसतो, ॲम्प्लिफायर वेगळा बसवायचा. एक दोन चॅनलचा, एक चार चॅनलचा, आणि एक नुसत्या धमधमीचा. खोक्यावरचे वॅट खोटे, आतल्या कागदावरचे खरे. मी म्हटलं, वॅट घाल चुलीत, मला आवाज स्वच्छ पाहिजे. धुतलेल्या चादरीसारखा. तो म्हणाला, मग दोन चॅनलचा पुरे.

ड्रायव्हरच्या सीटखाली बसवला. त्याच्या बाजूला निळा फ्यूज, नखाएवढा, दोन पायांचा. दाढीवाल्याने तो उपटून दाखवला आणि परत खोचला. हा नसला की डबा मुका, ताई, म्हणाला. हे बरोबर कळलं, हाताने दाखवलं ना.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन चॅनलचा बोगस. बाई उशीतून निघाली, पण आता पांघरुणात शिरली.

हेसुद्धा हल्ली तुसडे झालेत. पाठ करून बोलतात. नळ सोडून बोलतात. आणि रात्री दिवा बंद केला की एक शब्द नाही. पूर्वी अंधारात पडल्या पडल्या किती बोलायचे, मलाच म्हणावं लागायचं, झोपा आता. वय झालं की पुरुष आटतात. मी मनावर घेत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

थोरली आली होती. आली की बाप-लेक कुजबुजतात, हे ठरलेलं. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, आई, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या, मी नंबर लावते.

मी तिला स्पष्ट सांगितलं. लॉन्ड्रीच्या शेडमध्ये वीस वर्षं काढली. ते लोखंडी ड्रम फिरायला लागले की भिंती हलायच्या. तसल्या गोंगाटात पलीकडच्या मशीनवरची बाई काय म्हणते ते नुसते ओठ हलले की मला कळायचं. माझ्या कानात खोट असती तर कळलं असतं का? 

ठरवलं. चार चॅनलचा घ्यायचा. एकदाच काय तो चांगला घ्यायचा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चार चॅनलचा बसला, त्याच जागी, तसाच निळा फ्यूज. दाढीवाला आवाजाचा स्क्रू पिळत होता, मी म्हणत होते, अजून. अजून. शेवटी तो बाहेर जाऊन उभा राहिला आणि तिथून हात हलवून बस म्हणाला. समोरचा चहावाला टपरीतून डोकं काढून बघत होता. काच थरथरत होती, सीट थरथरत होती, आणि बाई गात होती. तिचा श्वाससुद्धा कळला. मी म्हटलं होतं, दोष टेपमध्ये आहे.

कान दाखवायचा विषय आता या घरात निघणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्या मजल्यावरची भांडायला आली. म्हणे तुमची गाडी वळणावर असते तेव्हाच आमच्या खिडक्या वाजतात. मी म्हटलं, खिडक्या घट्ट बसवून घे. जळतात लोक.

हॉस्पिटलच्या फाटकात वॉचमननेही तमाशा केला. माझ्यामागे ॲम्ब्युलन्स अडकली होती म्हणे, किती वेळ भोंगा वाजवतेय म्हणे. वाजवत असती तर मला ऐकू आलं नसतं? झोपले असतील, आणि नाव माझं. घरी ह्यांना सांगितलं, तर हे जेवता जेवता उठले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी हे गाडीत शिरून सीटखाली काहीतरी करत होते. विचारलं तर म्हणाले कचरा काढतोय. किती वर्षांनी माझ्या गाडीला हात लावला. बरं वाटलं.

संध्याकाळी अगदी समोर येऊन विचारलं, आज कसा वाजला तुझा डबा? मी म्हटलं, आज तर विचारू नका, झकास. सगळी गाणी मला पाठ, लॉन्ड्रीपासून शेवटच्या हॉटेलपर्यंत बाईबरोबर गात गेले. हे माझ्याकडे बघत राहिले. कौतुक करायची सवय नाही, एवढंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कालही विचारलं, आजही विचारलं. कसा वाजला? मी म्हटलं, रोज सुधारतोय. मशीन रुळतं तसं. हे म्हणाले, उद्या थोरली येऊ दे, तिच्यासमोर एक दाखवायचंय. मी म्हटलं, आत्ता दाखवा. नको म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. बहुतेक माझ्यासाठी काहीतरी आणलंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

थोरलीला स्टँडवरून आणायला गाडी काढत होते. आमची गल्ली अरुंद, मागे खांब. नेहमीसारखे हे मागे उभे, येऊ दे, येऊ दे म्हणायला. आरशात नुसती टोपी दिसत होती. मी येऊ दिलं. गाडीमागे गठ्ठा चेपावा तसं झालं.

पुढचं लिहिता येत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डावा पाय, गुडघ्याखाली. खांब आणि गाडीच्या मध्ये. डॉक्टर म्हणतात वाचवायचा प्रयत्न करू.

पोलिसाला मी खरं ते सांगितलं. ॲम्प नवा, चार चॅनलचा, गाणं मोठ्याने लागलेलं. त्यात माणसाची हाक कशी ऐकू येणार? कोणालाच आली नसती. त्याने लिहून घेतलं. वरची मध्येच तोंड घालून म्हणाली, गाणंबिणं काही नव्हतं, काका एकटेच ओरडत होते, मी खिडकीतून ऐकलं. हिला जुना राग काढायचाय.

दाढीवाल्याला सोडणार नाही. इतका जोराचा डबा बाईमाणसाला द्यायचाच कशाला?

२५ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलने ह्यांचे कपडे पिशवीत घालून दिले. पँट कापलेली. शर्ट घरी भिजवायला घेतला. रक्ताला थंड पाणी लागतं, मला कोणी शिकवायला नको. वीस वर्षांच्या सवयीने आधी खिसा तपासला.

निळा फ्यूज. नखाएवढा, दोन पायांचा.

दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल म्हणून खाली जाऊन बघितलं. सीटखाली डब्याची खाच रिकामी. किल्ली फिरवली तर टेपचा दिवा मात्र पेटला, रोज पेटतो तसा. गुरुवारपासून बाई गातच नव्हती.

फ्यूज खोचला. सीट थरथरली. वरची खिडकीत येऊन कानांवर हात ठेवून उभी राहिली. काढला. तिने हात खाली घेतले. परत खोचला. मग काढून ठेवला.

शर्टाचा डाग गेला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशन झालं. पाय राहिला, आत सळ्या घातल्यात. मला पहिल्यांदा आत सोडलं. थोरली औषधं आणायला गेली होती.

ह्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डोळे उघडे. मास्कमध्ये वाफ येत होती आणि जात होती, म्हणजे बोलत होते. काय ते दिसेना. नर्सच्या तोंडावरही मास्क. हे परत बोलले. माणसाला अशा वेळी धीर द्यावा, म्हणून मी हसले आणि मान हलवली. हो, हो म्हटलं. हात थोपटला.

हे रडायला लागले. मला वाटलं, मला बघून.

थोरलीने बाहेर नेऊन समोर उभं केलं. नर्सने तिला सांगितलं होतं. बाबांनी विचारलं, माझा पाय काढला का? आणि तू हसून हो म्हणालीस.

तिने लगेच आत जाऊन त्यांना खरं सांगितलं. मी दारातच उभी राहिले.

२ मार्च, सोमवार

उद्या कानाच्या डॉक्टरकडे. नंबर थोरलीने लावला. मी तिला म्हटलं, येते, पण लोक हळू बोलतात हे त्यांना आधी सांग. बरं म्हणाली. कानात घालायच्या मशीनमध्येही छोटा ॲम्प्लिफायरच असतो म्हणे, त्यातही प्रकार असतात, बघून निवडायचा.

मास्क निघाला. आज दुपारभर ह्यांच्याजवळ बसले होते. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. बोलतायत की नाही, कळत नाही.