एकाच पानावरचे तीन चंद्रकांत

गुरुजी, तुम्ही जाऊन पंचवीसएक वर्षं झाली, आणि मेलेल्या माणसावर चिडू नये हे मला कळतं. तरी चिडलोय. तुमचं अक्षर इतकं देखणं आहे की त्यात काही चुकीचं लिहिलं असेल असं कुणाला वाटतच नाही.

मुखेडकडची आपली एका खोलीची शाळा पट नाही म्हणून बंद झाली. तिथल्या कपाटातल्या दाखल-खारीज रजिस्टरांना वाळवी लागायच्या आत मी परवानगी काढून पानन् पान मोबाइलवर उतरवलं. मग आजूबाजूच्या तसल्याच शाळांची रजिस्टरंही गोळा केली. अहमदपूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वंशावळ जुळवत, आजा-पणजा शोधत लोक येतात, त्यांना मी नाव काढून देतो. दुसऱ्या मास्तरांच्या रजिस्टरात दगडू हा दगडू म्हणूनच सापडतो. तुमच्यात सापडत नाही. आधीची लेकरं दगावलेल्या आया पुढच्याला दगड्या, धोंड्या, उकिरड्या म्हणायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. तुम्हाला ती नावं सोसायची नाहीत.

मला शाळेत घालायला बापू घेऊन आले तो दिवस मला अजून दिसतो. चार भिंतींना चार वर्ग टेकून बसलेत आणि तुम्ही पत्र्याच्या पेटीवर रजिस्टर ठेवून लिहिताय. नाव विचारता. बापू म्हणतात, "दगड्या." तुम्ही मान वर करता. "पोरगं हाय का पायरी?" चारी वर्ग हसतात. मग बापूंना न विचारताच तुम्ही एक छान नाव लिहून मोकळे होता. त्या दिवशी आई जेवली नाही. माझ्याआधीचे दोघं तिनं पुरले होते. मरेपर्यंत तिनं मला तुमच्या नावानं हाक मारली नाही.

हे मी विसरलोही असतो. पण गेल्या महिन्यात निजामाबादहून एक बाई आल्या, साठीला टेकलेल्या. त्यांचे वडील लहानपणीच गाव सोडून तिकडं कामाला गेले. तिथं आडनाव म्हणून गावाचंच नाव लावलं आणि परत कधी आले नाहीत. मागच्या वर्षी ते वारले. बाईंना एवढंच ठाऊक, की घरी त्यांना धोंड्या म्हणत आणि आज्याचं नाव मारुती. "भाऊ, आमचं घर कोणतं तेवढं दाखवा," त्या म्हणाल्या. "एकदा त्या उंबऱ्यावर डोकं टेकून जाते."

वडिलांच्या वयावरून साल धरून पान काढलं तर धोंड्या नाहीच, तीन चंद्रकांत मारुती, आडनावं निरनिराळी. एका वर्षात तीन मारुतींच्या तीन पोरांना तुम्हाला दुसरं नाव सुचलं नाही? पुढं शेऱ्याचा रकाना कोराच. तिथं 'घरी धोंड्या' एवढं लिहायला किती शाई लागली असती?

बाईंना घेऊन गावी गेलो. त्या वर्गातले एक आजोबा अजून आहेत. ते पारावर तंबाखू मळत म्हणाले, "हाव, तीन चंद्रकांत. एक धोंड्या, एक उकिरड्या, एक मसन्या. कोण कुणाचा, ते गुरुजीलाच इचार की."

"गुरुजी वारले, आजोबा."

"मंग घाई कशाची? वर गेल्यावर इचार."

तिघांच्या घरांपैकी दोन पडून आता नुसती मोकळी जागा आहे. तिसऱ्या घरात त्या चंद्रकांतची थोरली बहीण आहे. पानावरच्या त्या तिसऱ्या नावावर मी बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, "नक्की हेच ना?" मी म्हटलं, "हेच." त्यांनी मोबाइलच्या काचेवर तुमच्या अक्षराला हात लावून तो कपाळाला लावला. मग उंबऱ्यावर डोकं टेकलं. आतून म्हातारी आली, तिनं बाईंचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "लई दिसांनी आलीस गं माय." दोघी रडल्या. मी बाहेर चपलांपाशी उभा राहिलो.

रोज सकाळी लिंगपूजेला बसलो की हे सांगून टाकावं वाटतं, आणि ओठ हलत नाहीत. तुमच्यापर्यंत हा कागद पोचायचा नाही म्हणून इथं लिहितो. म्हातारीला आता कुणी ओळखू येत नाही, गुरुजी. दारात येईल त्या प्रत्येकाला ती हेच म्हणते. हे मला आधीपासून ठाऊक होतं.