क्लॅरीदादाच्या औषधाची मुदतवाढ

प्रिय क्लॅरीदादास,

वॅगा वॅगाहून थेल्माचा सप्रेम नमस्कार. पाय कसा आहे? (छपरात शिरलेला पॉसम नावाचा प्राणी हाकलायला या वयात शिडीवर चढू नकोस, असं मी म्हटलं होतं, असो.) इकडे माझा नवरा मर्व्ह आणि त्याच्या मेंढ्या मजेत आहेत.

तुझ्या जागी कॅनबेराला सुनावणीला जाऊन आले. मला समजलं तेवढं सांगते. तू म्हणालास, तुझ्या संधिवाताच्या औषधाचं पेटंट वीस वर्षांचं, त्यातली निम्मी विक्रीची परवानगी मिळेपर्यंतच गेली, म्हणून सरकारकडे पाच वर्षं वाढवून मागायची. इथवर ठीक. पण ही वाढ म्हणे फक्त पदार्थाला मिळते, तो करायच्या रीतीला नाही. लॅमिंग्टन केक वेगळा आणि लॅमिंग्टनची कृती वेगळी, एवढं मला कळतं. पण तिथे त्यांनी दोन्ही असं काही कालवलं की शेवटी मला माझं नावही आठवेना.

त्यात घोटाळा सुरुवातीलाच झाला. आत शिरते तर समोर नोरीनवहिनी! (घटस्फोट तुझा झाला, माझा नाही.) इतक्या वर्षांनी दिसली, म्हणून गळ्यात पडले आणि तिच्याच शेजारी बसले. ती बाजू विरुद्ध पक्षाची, आणि तिला तुझ्याविरुद्ध बोलायला आणलंय, हे मला कोण सांगणार? त्यांचे वकील तावातावाने म्हणत होते की या पेटंटात पदार्थ नाहीच, नुसती कृती आहे, आणि मी (चर्चमधल्या सवयीने) मान डोलवत होते. मग सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी विचारलं, "क्लॅरेन्स प्रिचर्डतर्फे कोण आलंय?" मी उठले.

"मग तुम्ही तिकडे काय करताय?"

"वहिनीशी बोलतेय."

पदार्थाबद्दल विचारल्यावर तर मी लॅमिंग्टनचंच सांगू लागले. तेवढ्यात वहिनी उभी राहिली. वकील खूश! ती शांतपणे म्हणाली, "पेटंटातल्या पहिल्याच दाव्यात पदार्थ आहे. मला ठाऊक असणारच, तो मी केलाय. क्लॅरीने नंतर तो भराभर करायची रीत शोधली." वकील मटकन खाली बसले. अधिकारीबाई म्हणाल्या, "पण शोधक म्हणून तुमचं नाव कुठेच नाही!" वहिनी म्हणाली, "तेच विचारायला आलेय."

दादा, मला रडू फुटलं. तुझी बाजू सावरली म्हणून की तू तिच्याशी असा वागलास म्हणून, ते अजून उमगत नाही. निकाल राखून ठेवलाय. आधी नावाचं मिटवा म्हणाल्या.

प्रकृतीला जप.

तुझी,
थेल्मा

ता. क. पत्राचं खरं कारण हेच: वहिनीचं नाव घाल. ती सध्या माझ्याकडेच आहे आणि तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाही, त्यामुळे मला फार अवघडल्यासारखं होतं.

ता. क. २ विचार करायला वेळ हवा असेल तर जरूर घे. मी मात्र तुझ्या वतीने तिथेच "हो" म्हणून आलेय.