टेबलाखाली दोघी

ती. आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. सुरगाण्यात फोन नीट लागत नाही, म्हणून सोमनाथदादाच्या जीपमधून ही चिठ्ठी पाठवतेय.

नाशकात माझं बरं चाललंय. पंचवटीतली खोली हवेशीर आहे, जेवणही वेळेवर होतं. लहानपणीच मार आणि दहशत सोसलेल्या मुलांवर उपचार कसे करायचे, ते इथल्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात. अशा मुलांना झोप लागत नाही, कुणी उदास असतं, कुणी स्वतःलाच चावतं. ते सगळं एकत्र बघावं लागतं.

आज पहिल्यांदाच मी एकटी एका मुलीसोबत बसले. सहा-सात वर्षांची असेल. बाहेर दार आपटलं आणि ती टेबलाखाली शिरून थरथरायला लागली. शिकलेलं सगळं मी विसरले. माझ्या एखाद्या शब्दानं ती आणखी खचली तर? शेवटी मीही खाली जाऊन तिच्याशेजारी बसले.

तिनं विचारलं, "तू पण घाबरलीस?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, असं आमच्या बाई सांगतात. मी म्हटलं, "हो गं."

तिनं माझा हात धरला. "मग सोमवारी तुला सांगते, काय झालं ते."

हे सांगितल्यावर बाई खूश झाल्या. पण आई, तेव्हापासून मला एकच भीती आहे. ती सांगेल, आणि मला ते ऐकून घेता आलं नाही तर?

तुझा गुडघा कसा आहे? बाबांची शेतात नागली लावून झाली का?

त्या मुलीचं नाव सांगायची मला मुभा नाही. सोमवारी नुसतं 'ती पोर' म्हणून देवापुढे हात जोड.

तुझीच,
स्नेहल