ठिगळ लावलेली वार

६ मार्च

दोन्ही हात, दोन्ही पाय, पाठीचा कणा – सगळं जागच्या जागी! सोनोग्राफीवाले डॉक्टर एकेक दाखवत होते आणि मी मान डोलावत होते, जणू मीच शिवून आणलंय. मग तो दांडा पोटावर एकाच जागी फिरवत राहिले. ‘वार, म्हणजे प्लॅसेंटा, दोन तुकड्यांत दिसतेय. एक मोठा, बाजूला एक छोटा.’ आणि बाळ? ‘बाळ मस्त आहे. बाकीचं तुमच्या डॉक्टर सांगतील.’

झालं. बाळ मस्त आहे हे घरी येईपर्यंत विसरून गेले, तुकडे तेवढे लक्षात राहिले. रिपोर्टात लांबलचक नाव आहे. वाचता येतं, कळत नाही.

७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. एक मोठी चकती, तिला नाळ. शेजारी पिटुकली चकती. मध्ये दोन-तीन रेघा – त्या रक्तवाहिन्या. छोटीसुद्धा बाळाला पोसते म्हणे, फुकट बसलेली नाही.

‘घाबरायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. या मधल्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या तोंडावरून जात असतील, तर कळा सुरू व्हायच्या आधीच सिझेरियन. नाहीतर बाळाला धोका. आणि बाळंतपणानंतर छोटा तुकडा आत राहू द्यायचा नाही. तो राहिला तर तुमचं रक्त थांबणार नाही.’ काल बाळाचं डोकं नेमकं आड येत होतं, म्हणून तोंडाजवळचं नीट दिसलं नाही. मे अखेरीस रंगीत सोनोग्राफी.

मी म्हटलं, ‘म्हणजे ठिगळ.’

‘ठिगळ फाटक्याला लावतात. तुमचं काही फाटलेलं नाही,’ म्हणाल्या. बाई आवडल्या मला.

८ मार्च

नवऱ्याने त्याच्या आईला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, अर्धंमुर्धं ऐकलं. ‘हो, दोन आहेत. एक मोठा, एक छोटा.’ पलीकडून काहीतरी किंचाळल्यासारखं, मग फोन बंद. ‘आई फार खूश झाली,’ म्हणाला. वार दोन तुकड्यांत आहे यात खूश होण्यासारखं काय? पण त्यांच्या घरचं आनंदाचं गणित मला कधीच सुटलेलं नाही.

२ एप्रिल

गणित सुटलं! सासूबाई आल्या, चपला काढायच्या आधी पिशवीतून दोन लोकरी टोप्या काढल्या. एक नेहमीची. दुसरी इतकी बारीक की मला बाहुलीची वाटली. ‘जुळ्यांत एक अंगाने लहानच असतं,’ म्हणाल्या.

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. नवरा पंख्याकडे बघत उभा. मग मीच डॉक्टरीणबाईंचं चित्र काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. ‘म्हणजे ही मी वारेला विणली?’

‘उसवून टाक ना, आई,’ नवरा म्हणाला.

‘विणलेलं मी उसवत नाही. ठेवून दे गं.’ मावशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना जुळ्यांची बातमी देऊन झालीय. आता ती परत घेण्याचं काम मुलाच्या गळ्यात घातलंय. बसा म्हणावं!

२१ एप्रिल

लाथ! कारखान्यात, शिलाई मशीनवर बसलेली असताना. मोठ्याने ओरडले, सगळ्यांची पायडलं थांबली.

आमच्याकडे कपडा इस्त्रीला जायच्या आधी मास्तर विचारतात, ‘लावल्या तितक्या निघाल्या?’ टाचण्या. एक जरी आत राहिली तर गिऱ्हाईक रक्तबंबाळ. आज ते विचारत होते आणि मला ठिगळ आठवलं. मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी टेप गळ्यात नीट केली. ‘मग दवाखान्यातही हेच विचारायचं. लाजायचं नाही.’

२८ मे

परवा सोनोग्राफी. आज एक बाही उलटी जोडली. मास्तरांनी ती स्वतःच उसवून दिली, तेच जास्त लागलं. मला भीती वाटतेय. इथे तरी लिहिते.

३० मे

तोंड मोकळं आहे! पडद्यावर लाल-निळ्या रेघा, मोठ्या तुकड्यापासून निघून वरच्या अंगाने छोट्याकडे जातात. खाली, तोंडाजवळ, काही नाही. डॉक्टरांनी आतूनही तपासलं, पुन्हा तपासलं. काही नाही!

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं. मग आम्ही दोघं भर रस्त्यात येड्यासारखे हसत चाललो आणि घराची गल्ली मागे टाकून पुढे गेलो. संध्याकाळी सासूबाईंना फोन. ‘मी म्हटलंच होतं,’ म्हणाल्या. त्यांनी जुळं होणार असं म्हटलं होतं, पण असो.

१८ जुलै

मुलगी. काल दुपारी. काळे केस, कपाळावर आठ्या.

वार बाहेर आली. नर्स म्हणाली, ‘झालं.’ मी आणि डॉक्टरीणबाई एकदमच म्हणालो, ‘अजून एक.’ मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. ठिगळ आत चिकटून बसलं होतं आणि रक्त वाहायला लागलं होतं. मला गुंगी दिली. जाग आली तेव्हा त्या उशाशी उभ्या होत्या. ‘लावल्या तितक्या निघाल्या,’ म्हणाल्या. मास्तरांचा प्रश्न मी कळा देताना किती वेळा बडबडले होते कोण जाणे! मग हळू म्हणाल्या, ‘आधी माहीत होतं म्हणून तयारीत होतो.’

त्या रिपोर्टवर मी किती चडफडले होते. त्याच्यामुळे आज हे लिहितेय.

२० जुलै

मोठी टोपी हिच्या नाकापर्यंत येते. छोटी बरोब्बर बसली.